दाराला उजेड दिसत नाही

गाडीत बसा. इंजिन बंदच राहू द्या. किल्ली फक्त डॅशबोर्डवरचे दिवे लागतील इतकी फिरवा. समोर गॅरेजचं दार बंद आहे. गाव अमेरिकेतलं, न्यू जर्सीतलं म्हणा, ओहायोतलं म्हणा. डिसेंबरातली संध्याकाळ, पाच वाजताच काळोख. गॅरेज घराला लागून आहे आणि दार आडव्या पट्ट्यांचं, रुळांवरून वर सरकत छताखाली आडवं होणारं. ते उघडणारा रिमोट एरवी डोळ्यांसमोरच्या सन व्हायझरला अडकवलेला असतो. आज तो तिथे नाही. तो डॅशबोर्डच्या आत गेला आहे आणि त्याचं बटण हेडलाइटच्या वायरीशी जोडलं गेलं आहे. अप्पर मारला की दार उघडावं, अशी ही योजना.

अजून मारू नका. डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगमागच्या दांडीवर नुसती टेकवा.

ही दांडी मराठी बोटांच्या ओळखीची आहे. ताम्हिणी घाटातल्या वळणावर समोरून उजेड दिसला की ती आपोआप ओढली जाते. आपल्याकडे अप्पर देण्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी निघालोय, तू थांब’ असा असतो. अमेरिकेतल्या चौकात तोच झटका पुष्कळदा ‘तुम्ही व्हा पुढे’ असा वाचला जातो. आणि रात्री उशिरा पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी गाडी आली की दोनदा अप्पर मारायचा. खुर्चीत पेंगणारा वॉचमन उठतो, डोळ्यांवर हात धरून गाडी पाहतो, ओळखतो, मग फाटक ढकलतो. गाडी अनोळखी असेल तर तो वही घेऊन काचेशी येतो. तिथे उजेड एका माणसाच्या डोळ्यांत जातो आणि फाटक तो माणूस उघडतो.

इथे समोर कोणी नाही. दार पत्र्याचं आहे. तुमच्या दिव्यांचा झोत त्याच्यावर पडेल आणि परत फिरेल. त्या झोताचं दाराला काहीही कळणार नाही. हे नीट मनात उतरू द्या, कारण जोडणी पूर्ण झाल्यावर पहिल्याच दिवशी हे विसरायला होतं. उजेड पडला, दार उघडलं. मन लगेच दोघांची गाठ मारून टाकतं.

खरोखर उजेडाने उघडणारं दार करता आलं असतं का? जरूर. सेलेनियम या पदार्थावर उजेड पडला की त्यातून वीज अधिक सहज वाहते, हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथ यांच्या लक्षात आलं होतं. वर उचलायचं गॅरेजचं दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये केलं आणि त्याला विजेची मोटर १९२६ मध्ये जोडली. म्हणजे डोळाही होता आणि हातही होता. पण असा डोळा भोळा असतो. त्याला तुमचा झोत आणि शेजाऱ्याचा झोत यांतला फरक कळत नाही, वीज चमकली तरी तो दार उघडायला धावेल. वॉचमनकडे जे होतं, ओळखणं, ते नुसत्या उजेडातून मिळत नाही.

म्हणून या जोडणीत उजेडाला बाजूला ठेवलं आहे, आणि उजेडाकडे जाणाऱ्या विजेला मधेच गाठलं आहे.

तिच्या मागे मागे सावकाश जाऊ या. बॅटरीतून बारा व्होल्टची वीज निघते. फ्यूजमधून येते. तुम्ही दांडी ओढता तेव्हा एका रिलेचं कॉइल भारतं, टिक असा बारीक आवाज होतो आणि वाट मोकळी होते. वीज बल्बच्या तारेत पोहोचते. तीन पिनांचा एच-फोर बल्ब असेल तर त्यात दोन तारा असतात, लोअरची पंचावन्न वॉटची आणि अप्परची साठ वॉटची. साठ वॉट म्हणजे बारा व्होल्टला पाच अँपिअर. या पाच अँपिअरच्या प्रवाहाला कडेने एक केसासारखा फाटा फोडायचा आहे. त्यातून ऑप्टोकपलर नावाच्या छोट्या चिपमध्ये दहा मिलिअँपिअर गेले तरी पुरे. मूळ प्रवाहाचा पाचशेवा भाग. दिव्याला याचा पत्ताही लागत नाही. त्या चिपच्या आत एक इवलासा एलईडी आहे, त्याच्यासमोर उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर आहे, आणि दोघं काळ्या प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद आहेत. म्हणजे या सगळ्या खटाटोपात ज्या उजेडाने खरोखर काम होतं, तो कोणालाच दिसत नाही. त्या ट्रान्झिस्टरची दोन टोकं रिमोटच्या बटणाच्या दोन टोकांना सोल्डर केलेली असतात. रिमोटला वाटतं, कोणीतरी बटण दाबलं.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न आता मनात आला असेल तर येऊ द्या. व्हायझरवरचं बटण दाबायला कितीसे कष्ट पडतात? मोटरसायकलवाल्याचं समजतं, हातात जाड मोजे, रिमोट खिशात, खाली बर्फाचं पाणी. त्याच्या हाताला फक्त अप्परचं बटण लागतं. चारचाकीतल्या माणसासाठी मात्र खरं कारण सोयीचं नाहीच, असं माझं मत आहे. अमेरिकेत गाडीचे नोंदणीचे कागद बहुधा ग्लव्हबॉक्समध्ये असतात आणि त्यांवर घराचा पत्ता असतो. दुकानाबाहेर उभ्या गाडीची काच फोडणाऱ्याला एका फटक्यात पत्ता मिळतो, दाराची किल्ली मिळते, आणि घरातलं माणूस दुकानात आहे ही खबरही मिळते. लपवलेला रिमोट, तोही किल्ली फिरवल्यावरच जागा होणारा, त्याच्या हाती सहजासहजी लागत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांच्या आरशातच हे बटण बसवून येतं. जुनी गाडी असेल तर हा खटाटोप.

आता वायर शोधायची. इथे मन उतावळं होतं, म्हणून सांगतो, हात आवरा. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवा, रिमोट उघडा, सोल्डरिंग करून घ्या. मग बॅटरी परत जोडून मल्टीमीटरने पाहायचं. मीटरचं काळं टोक गाडीच्या बॉडीला, लाल टोक तुम्हाला अप्परची वाटणाऱ्या वायरीला. कोणाला तरी दांडी ओढायला सांगा. आकडा शून्यावरून बारावर गेला पाहिजे, आणि दांडी सोडताच परत शून्यावर आला पाहिजे.

नेहमी असं होत नाही. बऱ्याच जपानी गाड्यांत बल्बला धन बाजू आधीच दिलेली असते आणि दांडी अर्थची बाजू जोडते. तिथे मीटर उलटं बोलतं: दिवा बंद असताना बारा, लागला की शून्याच्या आसपास. दिवा तोच, दांडी तीच, फक्त अडवणूक नदीच्या दुसऱ्या काठावर आहे. ज्याने हे तपासलं नाही त्याचं सर्किट दिवा विझताना दाराला हाक मारतं.

काही गाड्यांत मीटर मधेच कुठेतरी घोटाळतं. कॅनडात १९९० च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांत दिवसाही आपोआप लागणारे दिवे सक्तीचे झाले, आणि जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांनी त्यासाठी अप्परचीच तार कमी व्होल्टेजवर लावून ठेवण्याची युक्ती केली. तशा गाडीत किल्ली फिरवल्यापासूनच त्या वायरीत थोडी वीज खेळत असते. नुसतं ‘वीज आहे की नाही’ एवढंच विचारणारं सर्किट तिथे फसतं. ‘पुरेशी आहे का’ हे विचारावं लागतं. अगदी नव्या, एलईडी दिव्यांच्या गाड्यांत तर वायरीला हात न लावणंच शहाणपणाचं. तिथे दांडी दिव्याशी बोलतच नाही, संगणकाला निरोप देते, आणि वायरीत एक अनोळखी फाटा दिसला की तो संगणक डॅशबोर्डवर तक्रार लावून बसतो.

जोड पक्का झाला, सोल्डरवर श्रिंक ट्यूब चढली, नव्या फाट्याला उगमाजवळ एक अँपिअरचा फ्यूज लागला, असं समजा. परत गाडीत या. बोटं दांडीवर.

या महिन्यात तुम्ही अप्पर कितीदा मारला असेल, ते आठवायचा प्रयत्न करा. हायवेवर डाव्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्याला. समोरून दिवे न लावता येणाऱ्याला. पार्किंगमध्ये मित्राला ‘इथे आहे’ म्हणून. नुसता रस्ता काळा होता म्हणूनही. यातलं एकही घराच्या दारासाठी नव्हतं. तुमचा हात दिवसभरात तीच एक खूण अनेकांना, अनेक अर्थांनी करतो, आणि समोरचा माणूस प्रसंगावरून अर्थ लावून घेतो. सर्किटला प्रसंग कळत नाही. घरापासून चार घरांवर कोणाला वाट देण्यासाठी झटका मारलात, तर इकडे तुमचं दार उघडून बसेल, आणि तुम्ही तिथूनच वळून बाजारात गेलात तर दिवसभर उघडं राहील.

म्हणून चांगल्या जोडणीत एक झटका पुरत नाही. थोड्या अवधीत दोन झटके आले तरच दाराला हाक जाते. या दुसऱ्या झटक्याशी थोडं थांबा. पहिला सवयीने होतो. दुसरा करण्यासाठी हाताला परत एकदा ठरवावं लागतं. सर्किट करणाऱ्याने दोन झटक्यांमध्ये ती जागा मुद्दाम सोडलेली आहे, माणसाला खरंच म्हणायचं आहे ना, एवढं विचारण्यापुरती. अलीकडच्या काही गाड्या काळोख पाहून अप्पर स्वतःच लावतात आणि समोरून वाहन आलं की स्वतःच उतरवतात. तशा गाडीत एका झटक्याचं सर्किट बसवलं तर खूण करणारे तुम्ही उरतच नाही.

आणखी एक. लांब, निर्मनुष्य रस्त्यावर अप्पर लावून तुम्ही मैलच्या मैल जाल, तेव्हा रिमोटचं बटण सतत दाबलेलं राहता कामा नये. अमेरिकी नियम असा आहे की रिमोटसारखा रेडिओ लहरी सोडणारा प्रक्षेपक आपोआप चालू झाला तर पाच सेकंदांच्या आत गप्प झाला पाहिजे. साधा उपाय म्हणजे वाटेत एक कपॅसिटर घालायचा. तो भरेपर्यंतच वीज पुढे जाते, म्हणजे दिवा लागण्याच्या क्षणाची दखल घेतली जाते, लागून राहण्याची नाही. रिमोटच्या या लहरींना हवेत फारसा मानही नाही. परवाना न लागणाऱ्या या क्षीण प्रक्षेपकांनी कोणाला त्रास द्यायचा नाही, आणि त्यांना होणारा त्रास मात्र सोसायचा, असा नियम आहे. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या काही तळांनी आपले नवे रेडिओ सुरू केले, तेव्हा ३९० मेगाहर्ट्‌झवर चालणारी आसपासची गॅरेजची दारं हाकेला ओ देईनाशी झाली. तक्रारीला जागा नव्हती. तो पट्टा लष्कराचाच होता.

आता वॉचमनच्या वहीपाशी येऊ. दार ओळखतं कसं?

आधीच्या काळातल्या रिमोटमध्ये छोट्या खटक्यांची रांग असे, आठ ते बारा खटके. प्रत्येक वर किंवा खाली. रिमोटमधली रांग आणि छतावरच्या ओपनरमधली रांग जुळली की दार उघडायचं. बारा खटक्यांच्या रांगा होतात ४०९६. शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला हे गणित नवं नाही: लघु की गुरू, तीन अक्षरांचा गण, म्हणून गण आठ. आणि ते आठ लक्षात ठेवायला आपल्याला एक शब्द दिला होता, यमाताराजभानसलगं. तो आत्ता मनात हळू म्हणून पाहा. यमाता, मातारा, ताराज, राजभा. एकेक अक्षर पुढे सरकत गेलं की आठही गण येतात, एकही दोनदा येत नाही. वेगवेगळे लिहिले असते तर चोवीस अक्षरं लागली असती, इथे दहात भागतं. बाईंनी हा शब्द घोकून घेतला तेव्हा त्यात कुलूप फोडण्याची युक्ती आहे, असं कोणाच्या मनात आलं असेल?

डच गणिती द ब्राउन यांनी अशा साखळ्यांवर १९४६ मध्ये लिहिलं, म्हणून गणितात त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. आणि २०१५ मध्ये सॅमी कामकार या संगणक-सुरक्षेतल्या माणसाने मुलांचं एक बाद झालेलं खेळणं घेतलं, त्याच्यातून हीच साखळी गॅरेजच्या दारांपुढे म्हणून दाखवली. जुन्या ओपनरला रांग कुठे सुरू झाली ते कळत नाही. तो अक्षरं सरकत सरकत तपासत जातो, अगदी आपण गण तपासतो तसा. त्यामुळे ४०९६ रांगा सुट्या म्हणण्याऐवजी ४१०७ अक्षरांची एकच लांब माळ म्हटली की झालं. खटक्यांवर चालणारी दारं दहा सेकंदांच्या आत उघडली. तुमच्या छतावरचा ओपनर त्या पिढीचा असेल तर ही सगळी हेडलाइटची हौस बाजूला ठेवा आणि आधी तो बदला. रिमोट कितीही खोल लपवला तरी काय उपयोग?

नव्या रिमोटची ओळख दर खेपेला बदलते. रिमोट एक मोजणी ठेवतो, ओपनर तीच मोजणी आपल्याकडे ठेवतो, आणि प्रत्येक हाकेबरोबर पुढचा आकडा गुप्त लिपीत गुंडाळून जातो. एकदा वापरलेला आकडा परत चालत नाही. कोणी हवेतून तो टिपून ठेवला तरी शिळा. यात एक गंमत आहे. घरापासून दूर तुम्ही कोणाला दोनदा अप्पर मारला, तर रिमोटने तिथेही घराला हाक मारलेली असते. ऐकायला दार नसतं, पण मोजणी एकाने पुढे सरकते. ओपनरला हे अपेक्षितच असतं. त्याच्या आकड्यापेक्षा थोडा पुढचा आकडा आला तर तो चालवून घेतो. फारच पुढचा आला तर काही पद्धतींत तो लागोपाठ दुसरा आकडा ऐकल्याशिवाय उघडत नाही. मागचा आकडा मात्र तो कधीच घेत नाही.

आता दांडी ओढा. एकदा. आणि परत एकदा.

वर घरघर सुरू झाली. दार उचललं जातंय. कोण उचलतंय, ते पाहा. दोन गाड्यांच्या गॅरेजचं पत्र्याचं दार सहज सत्तर-ऐंशी किलोंचं, आणि मोटर असते बहुधा अर्ध्या अश्वशक्तीची. भार मोटरवर नाहीच. दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग पाहा. दार खाली येताना आपल्याच वजनाने तिला घड्याळासारखी चावी देत येतं, आणि वर जाताना ती चावी सुटत जाते. काल रात्री दार मिटलं तेव्हाच आजचं उघडणं त्या पोलादात साठून राहिलं. मोटर फक्त निमित्ताला. नीट तोललेलं दार मोटरपासून सोडवून हाताने अर्ध्यावर नेलं, तर ते तिथेच थांबतं. महिन्यातून एकदा हे करून पाहावं. साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार उघड-झापांचं धरतात, म्हणजे दिवसाला चार धरल्या तर सात वर्षांच्या आतबाहेर. ती बदलायचं काम स्वतः करू नका. इतकी साठवलेली ताकद हातात सुटली तर हात राहत नाही.

अजून खाली, जमिनीपासून वीतभराहून कमी उंचीवर, दोन्ही बाजूंना दोन डबे समोरासमोर आहेत. हेही डोळेच, अवरक्त किरणांचे. अमेरिकी कायद्याने १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला असा डोळा किंवा दाराच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी लागते, कारण मिटणाऱ्या दाराखाली लहान मुलं सापडून गेली होती. डोळा दाराची वाट आडवी पाहत राहतो. मधे काही आलं की उतरणारं दार परत वर जातं. तुमच्या हेडलाइटशी त्याला कर्तव्य नाही. तो फक्त समोरच्या जोडीदाराचा किरण पाहतो.

बऱ्याच ओपनरांना हाक एकच कळते. उघड आणि मीट यांच्यासाठी वेगळी खूण नाही. दार खाली असेल तर वर, वर असेल तर खाली, वाटेत असेल तर थांब किंवा उलटं फिर. तुम्ही गल्लीच्या तोंडाशीच दोन झटके मारलेत आणि घरातल्या कोणी आधीच दार उघडून ठेवलं होतं, तर तुम्ही ते मिटवलंत, तेही न पाहता. म्हणून ओपनरबरोबर येणारी पुस्तिका सांगते की दार पूर्ण दिसत असेल तेव्हाच हलवा. इथे एवढा वेळ बाजूला ठेवलेला उजेड कामाला येतो. अप्पर मारला त्याच क्षणी झोत दारावर, उंबऱ्यावर, आतल्या फरशीवर पसरलेला असतो. सायकल आडवी पडली आहे का, कुत्रं बाहेर आलंय का, मुलगी दाराशी उभी आहे का, हे तुम्हाला दिसतं. दाराला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. झटके मारून नजर फोनकडे वळवली तर हा सगळा फायदा गेला.

दार वर जाऊन थांबलं. गाडी आत घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. मिटल्या गॅरेजात चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड घरातही शिरतो.

कधीतरी ही गाडी विकायची वेळ येईल. त्या दिवशी सीटखालची पावती, आरशाला लटकवलेला गणपती, फास्टॅगसारखा टोलचा डबा हे सगळं आठवणीने काढलं जातं. डॅशबोर्डमागचा रिमोट दिसत नाही म्हणून राहतो, आणि नवा मालक पहिल्याच रात्री कुठल्याशा वळणावर दोनदा अप्पर मारतो. तेव्हा तो काढाच. राहिलाच असेल तर छतावरच्या ओपनरवर ‘लर्न’ लिहिलेलं बटण असतं. बऱ्याच ओपनरांत ते सहाएक सेकंद, शेजारचा दिवा विझेपर्यंत, दाबून धरलं की तो सगळे रिमोट विसरतो. एकाच गाडीला विसर, असं त्याला बहुधा सांगता येत नाही. शिडी तिथेच ठेवा, घरातल्या बाकीच्यांना हाक मारा, आणि एकेकाचा रिमोट घेऊन ओळख पहिल्यापासून करून द्या.